ब्लॅडर कॅन्सर, टार्गेटेड औषधाची ट्रायल: बाबांनी सही करावी का?

निळाई
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज विचारायचं आहे म्हणून लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६८ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी लघवीतून रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं म्हणून त्यांनी तीन आठवडे कोणाला सांगितलं नाही, आणि मधे आपोआप थांबलं तेव्हा तर त्यांना वाटलं बरंच झालं. निदान झालं तोवर मूत्राशयाच्या भिंतीतून आजूबाजूच्या लिम्फ नोड्सपर्यंत गेलं होतं. केमो झाली, काही महिने चांगले गेले, मग इम्युनोथेरपी, आणि आता स्कॅनमध्ये फुफ्फुसात दोन नवीन ठिपके आलेत.

डॉक्टरांनी गाठीची जीन टेस्ट करून घेतली, त्यात एफजीएफआर३ नावाच्या जीनमध्ये म्युटेशन, म्हणजे बदल, निघालं. त्यावर काम करणाऱ्या एका नवीन गोळीची फेज ३ ट्रायल (नेहमीच्या उपचाराशी थेट तुलना) चालू आहे, त्यात बाबा बसतात म्हणे. पण अर्ध्यांना गोळी आणि अर्ध्यांना केमो, आणि कोणाला काय हे कॉम्प्युटर ठरवणार. इथेच माझं डोकं अडकलंय. म्युटेशन सापडलंय, त्याचं औषध समोर आहे, आणि तरी चिठ्ठी टाकायची?

३१ पानांचा संमतीचा फॉर्म घरी आणलाय. बाबा पेन्सिल घेऊन रोज चार पानं वाचतात आणि न कळलेल्या ओळीला खूण करतात. मला रात्री झोप नाही. कोणी यातून गेलंय का?

काजवा
काळजी घ्या ताई. अनुभव नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय. बाबा स्वतः वाचतायत हे फार चांगलं वाटलं.

आबा_कारभारी
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ट्रायल म्हणजे प्रयोग, आणि प्रयोगात माणूस म्हणजे उंदीर. एवढ्या आजारी माणसावर कशाला? जे सिद्ध झालंय ते द्या म्हणावं. माझ्या ओळखीत एकाला असंच कुठल्याशा औषधाच्या अभ्यासात घेतलं होतं, शेवटपर्यंत घरच्यांना कळलं नाही की नक्की काय दिलं.

प्रयोगवही
मी अकरा वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर आहे, कॅन्सरच्याच. आबा, तुम्ही सांगताय तसं होऊ नये म्हणूनच तो ३१ पानांचा फॉर्म असतो, आणि कुठे तसं झालं असेल तर ते चूकच आहे, त्याला मी पांघरूण घालणार नाही.

निळाईताई, दोन-तीन गोष्टी आधी मनातून काढून टाका. एक, तुम्ही वर्णन केलीत तशा ट्रायलमध्ये कोणाला नुसती साखरेची गोळी मिळत नाही, दुसऱ्या बाजूला खरी केमो आहे, जी त्यांना ट्रायलबाहेरही कदाचित मिळालीच असती. दोन, सही केली म्हणजे बांधले गेलात असं नाही. उद्या सकाळी उठून बाबा म्हणाले नको, तर नको. कारण द्यावं लागत नाही, आणि पुढच्या उपचारावर त्याचा परिणाम होता कामा नये. तीन, सही केल्यावर लगेच औषध सुरू होत नाही, आधी स्क्रीनिंग असतं. रक्त, किडनी, हृदयाचा ईसीजी, डोळे, स्कॅन. बरेच जण तिथेच बाहेर पडतात आणि ते फार लागतं मनाला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पेन्सिलीच्या खुणा जपून ठेवा. त्या घेऊन तपासणीला जा आणि प्रत्येक खुणेचं उत्तर मिळेपर्यंत उठू नका. मला असे पेशंट आवडतात, खरंच.

शेवंती
आम्ही या गोळीच्या मोठ्या बहिणीतून गेलोय म्हणा. माझे मिस्टर एर्डाफिटिनिबवर, म्हणजे एफजीएफआरवरच्याच आधीच्या गोळीवर, १४ महिने होते. त्यांचंही एफजीएफआर३ होतं.

जसं घडलं तसंच लिहिते. पहिल्या महिन्यात रक्तातलं फॉस्फेट वाढलं. मी घाबरून फोन केला तर डॉक्टर म्हणाले, वाढायलाच हवं होतं, औषध जागेवर पोचल्याची ती खूण आहे. झालं असं की किडनीला 'फॉस्फेट बाहेर टाक' हा निरोप ज्या रिसेप्टरमधून जातो तोही एफजीएफआरच्याच कुटुंबातला, गोळी त्यालाही गप्प करते. म्हणून ८ मिलिग्रॅमने सुरू करून दोन-तीन आठवड्यांनी फॉस्फेट बघून ९ करायचं की नाही ते ठरवतात. फॉस्फेटचे पदार्थ कमी करा सांगितलं, जेवताना घ्यायची अजून एक गोळी दिली.

मग तोंड. आतून सोलवटल्यासारखं, पाणीसुद्धा झोंबायचं. मग नखं. हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. नखं खालून सुटत जातात, कडेला पू होतो. हे शर्टाची बटणं लावायचे ती बंद झाली, मग मी लावून द्यायचे, आणि एकदा झोपेत पायाचं अंगठ्याचं नख चादरीत अडकून निघालं. त्या रात्री आम्ही दोघंही बसून होतो.

आणि डोळे. रेटिनाखाली पाणी साचू शकतं. पहिले चार महिने दर महिन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे, नंतर तीन महिन्यांनी. घरी एक चौकटींचा कागद दिला होता, मधे टिंब. रोज एक डोळा झाकून बघायचं, रेघा वाकड्या दिसल्या की फोन. आमच्या फ्रिजवर अजून तो कागद आहे, काढवत नाही.

पण निळाई, आठव्या आठवड्याच्या स्कॅनला लिव्हरमधल्या गाठी निम्म्याहून कमी झाल्या होत्या. नातवाला घेऊन ते रोज खाली फिरायला जायचे. मला ते १४ महिने कोणी परत दिले तर मी नखांसकट घेईन.

निळाई
शेवंतीताई, तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'नखांचं लिहिलंय फॉर्ममध्ये, पान १४, पण असं नव्हतं लिहिलं.' मग बराच वेळ बोलले नाहीत. खूप खूप आभार.

आकडेमोड
शेवंतीताईंना नमस्कार.

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्राचा माणूस, पण घरात हाच आजार झाल्यामुळे या औषधांचे पेपर वाचून काढलेत. एर्डाफिटिनिबची गोष्ट थोडक्यात सांगतो कारण निळाईंच्या 'चिठ्ठी कशाला' या प्रश्नाचं उत्तर तीतच आहे.

आधी ९९ पेशंटवर फेज २ झाली, त्यात दुसरी बाजूच नव्हती, सगळ्यांना गोळी. ४० टक्के लोकांच्या गाठी ठरलेल्या मापाने आकसल्या. तेवढ्यावर अमेरिकेच्या औषध खात्याने, एफडीएने, एप्रिल २०१९ मध्ये घाईची मंजुरी दिली, अट अशी की पुढे तुलना करून दाखवा. मग थॉर नावाची फेज ३ झाली. तिच्या एका भागात केमो आणि इम्युनोथेरपी दोन्ही घेतलेले किंवा किमान इम्युनोथेरपी झालेले असे २६६ लोक, अर्ध्यांना गोळी अर्ध्यांना केमो, म्हणजे जवळपास तुमच्या बाबांसारखेच. गोळीवाल्यांचं मीडियन आयुष्य १२.१ महिने, केमोवाल्यांचं ७.८. गाठ आकसली ४५.६ टक्के विरुद्ध ११.५ टक्के. मधेच आकडे तपासणाऱ्या स्वतंत्र समितीला फरक इतका स्वच्छ दिसला की ट्रायल थांबवून केमोवाल्यांनाही गोळी खुली केली. जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली, ती एफजीएफआर३ साठीच.

आणि मीडियन म्हणजे मुदत नव्हे हे कृपा करून घरात सगळ्यांना सांगा. १२.१ म्हणजे रांगेत मधोमध उभा असलेला माणूस, निम्मे त्याच्या पुढे गेलेत. शेवंतीताईंचे मिस्टर त्यातले.

आबा_कारभारी
मग झालंच की! सिद्ध झालंय ना की गोळी केमोपेक्षा बरी? मग आता नव्या गोळीसाठी परत अर्ध्या लोकांना केमो का द्यायची? हाच तर माझा मुद्दा आहे.

उंबरठा
आबांशी इतर बाबतीत असहमत, पण हा प्रश्न बिनतोड आहे. निळाई, हाच पहिला प्रश्न डॉक्टरांना विचार. तुलनेच्या बाजूला जे आहे ते आज बाबांना ट्रायलबाहेर मिळू शकणारं सगळ्यात चांगलं आहे का? एर्डाफिटिनिब तुमच्याकडे मिळत असेल तर केमोच्या चिठ्ठीला सही करण्याआधी दहादा विचार करायला हवा. मिळत नसेल तर गणित वेगळं.

दुसरा प्रश्न, केमोच्या बाजूला पडून आजार वाढला तर मग गोळी मिळेल का? याला क्रॉसओव्हर म्हणतात. काही ट्रायलमध्ये असतो, काहींत नसतो.

आकडेमोड
आबा, उंबरठा, दोघांचंही बरोबर. पण 'लक्ष्य सापडलं म्हणजे औषध लागू पडणार' हे मला खोडायचं आहे, कारण मीही आधी तसंच मानत होतो. ब्लॅडर कॅन्सरमध्येच हे किती वेळा फसलंय बघा.

लापाटिनिब नावाची गोळी, हर१ आणि हर२ या लक्ष्यांवरची. ज्यांच्या गाठीत ही लक्ष्यं होती अशाच २३२ जणांना केमोनंतर गोळी किंवा प्लासिबो (औषध नसलेली गोळी) दिलं. आजार रोखून धरला ४.५ महिने विरुद्ध ५.१ महिने, म्हणजे फायदा शून्य. रोगाराटिनिब, ही तर एफजीएफआरवरचीच. पण तिच्यासाठी पेशंट निवडले ते जीनचं म्युटेशन बघून नाही, तर तो जीन गाठीत किती जोरात बोलतोय ते मोजून. केमोशी तुलना केली तर आकसण्याचं प्रमाण दोन्हीकडे २० टक्क्यांच्या आसपास. ट्रायल लवकर बंद. कुटुंब तेच, पण माणसं निवडायची चाळणी वेगळी, आणि निकाल पालटला.

सगळ्यात डोळे उघडणारं उदाहरण सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकानचं. ट्रॉप-२ या प्रथिनावर जाऊन चिकटणारं अँटीबॉडीवालं औषध. एका बाजूच्या अभ्यासात ११३ पेशंट, २७ टक्क्यांच्या गाठी आकसल्या, एप्रिल २०२१ मध्ये घाईची मंजुरी. मग ७११ जणांवर चिठ्ठी टाकून केमोशी तुलना, मीडियन आयुष्य १०.३ महिने विरुद्ध ९.०, आणि तो फरक योगायोगाने येऊ शकतो एवढाच. २०२४ मध्ये कंपनीने ब्लॅडर कॅन्सरसाठीची मंजुरी परत केली. मधली तीन वर्षं लोक ते घेत होते ना? चिठ्ठी टाकली नसती तर आजही घेत असते.

खुद्द एर्डाफिटिनिबचंच बघा. थॉरचा दुसरा भाग होता, ३५१ लोक, ज्यांनी इम्युनोथेरपी घेतलेली नव्हती, त्यांच्यात पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाशी सामना. गाठ आकसली ४० टक्के विरुद्ध २१.६. वाटेल गोळी जिंकली. पण आयुष्य १०.९ महिने विरुद्ध ११.१. सारखंच! गाठ लहान होणं आणि माणूस जास्त जगणं या दोन गोष्टी एक नाहीत. मला हे पचायला फार वेळ लागला.

रानजाई
आकडे वाचले. पण चिठ्ठीत हरलेल्या घरात काय होतं ते कोणीतरी सांगायला हवं म्हणून लिहिते.

माझे मोठे दीर एका ट्रायलमध्ये होते, आजार हाच, औषध दुसरं. ते केमोच्या बाजूला गेले. ज्या दिवशी फोन आला त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. बरोबर स्क्रीनिंग झालेल्या एका गृहस्थांना नवीन औषध मिळालं होतं, दोघांची तपासणीच्या वेळी भेट व्हायची, आणि दीर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. दीर गेल्यावर मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला माहितीय? ट्रायलचा निकाल काय लागला ते आम्हाला कोणी कळवलंच नाही. त्या हॉस्पिटलमधून एक फोन नाही, पत्र नाही. त्यांची ती सगळी रक्तं, सगळे स्कॅन, ते कुठल्या बाजूने मोजले गेले, काही नाही. दोन वर्षांनी भाच्याने शोधून सांगितलं.

ट्रायलच्या विरोधात नाही मी. पण सही करताना हे लिहून घ्या की निकाल घरी कळवा.

प्रयोगवही
रानजाईताई, वाचून हात थांबले. तुमचा राग रास्त आहे. निकाल कळवणं हे आमचंच काम, आणि त्यात आम्ही कमी पडतो, मी स्वतःही पडलेय. कामाचा ढीग असतो, पेशंट गेलेला असतो, फोन कसा करायचा ते सुचत नाही, आणि मग राहून जातं. उद्या आमच्याकडच्या जुन्या फाइल्स काढून बसणार आहे.

तुमच्या दिरांनी केमोच्या बाजूने जे दिलं त्याच्याशिवाय कुठल्याच औषधाचा आकडा उभा राहत नाही. आकडेमोड यांनी वर लिहिलेला प्रत्येक 'विरुद्ध' म्हणजे तुमच्या दिरांसारखी माणसं आहेत.

रानजाई
हे मला कोणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं.

हिरवागार
काढे आणि एका वेलीचा रस यांनी पेशी मुळापासून शुद्ध होतात, केमिकलच्या मागे का लागता? इच्छुकांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

उंबरठा
हिरवागार, इथे नको. आणि निळाई, बाबा काही काढे-चूर्ण घेत असतील तर ट्रायलच्या लोकांना एकूण एक सांग, लपवू नको. एर्डाफिटिनिबसारख्या गोळ्या लिव्हरमधल्या ठरावीक एन्झाइम्सनी पचवल्या जातात, बाहेरचं काहीतरी त्या एन्झाइमला अडवतं किंवा पळवतं, मग रक्तातलं औषध दुप्पट होतं नाहीतर निकामी. व्हिटॅमिनची गोळीसुद्धा सांगायची.

पाऊसवेडी
ईव्हीबद्दल कोणी बोललं नाही अजून? म्हणजे एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन. आईला ते चालू होतं. नेक्टिन-४ नावाचं प्रथिन या कॅन्सरच्या पेशींवर भरपूर असतं, हे औषध त्याला चिकटून आत शिरतं आणि पोटातलं विष तिथे सोडतं, डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की टपालाने पाठवलेली केमो समजा. त्यासाठी जीन टेस्टही लागत नाही. ६०८ जणांच्या ट्रायलमध्ये केमोपेक्षा सरस ठरलं, मीडियन आयुष्य जवळपास १३ महिने विरुद्ध ९. आता तर पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर पहिला उपचार म्हणूनच देतात, ८८६ लोकांच्या अभ्यासात ३१.५ महिने विरुद्ध केमोचे १६.१. हा आकडा ऑक्टोबर २०२३ मध्ये माद्रिदच्या परिषदेत पडद्यावर आला तेव्हा डॉक्टर मंडळी उभं राहून टाळ्या वाजवत होती.

आईला पुरळ आलं, ते गेलं. पण तळपाय बधिर झाले ते राहिलेच. चप्पल पायातून कधी निघाली ते कळायचं नाही, मागे बघून शोधायची.

निळाई
पाऊसवेडी, विचारलं होतं आम्ही. बाबांना डायबेटिस आहे, साखर वरखाली होते, आणि पायाला आधीच थोड्या मुंग्या आहेत. ईव्हीने साखर आणि नसा दोन्हीला धोका म्हणून डॉक्टर कचरतायत.

उंबरठा
थांब, मग ट्रायलमधली केमो कुठली आहे? डोसिटॅक्सेल असेल तर तीही नसांना त्रास देते. ज्या कारणाने ईव्ही नको तेच कारण केमोच्या बाजूलाही लागू होईल ना? हा प्रश्न लाल शाईने लिही.

निळाई
अरे देवा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लिहून घेतलं.

सांजवात
थोडं अवांतर. हा धागा वाचून मी आज नवऱ्याला धरून युरॉलॉजिस्टकडे नेलं. महिनाभरापूर्वी एकदा लघवी लालसर झाली होती आणि 'उन्हामुळे असेल' म्हणून विषय संपवला होता. वीस वर्षांची सिगारेट आहे. दुर्बिणीची तपासणी शुक्रवारी.

काजवा
+१. बरं केलंत. दुखलं नाही म्हणून सोडायचं नाही हे निळाईंच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. शुक्रवारी इथे लिहा.

निळाई
आठवड्याने परत आले. सविस्तर लिहिते, सगळ्यांचं देणं आहे.

परवा बाबा, मी आणि भाऊ गेलो. दीड तास बसलो. बाबांनी ४३ खुणा केल्या होत्या, डॉक्टरांनी एकेक वाचली. एका ठिकाणी त्या स्वतःच म्हणाल्या की हे वाक्य मलाही दोनदा वाचावं लागलं.

आबा आणि उंबरठा, तुमचा प्रश्न पहिला विचारला. एर्डाफिटिनिब आमच्याकडे मिळत नाही, मागवून घेण्याची वाट आम्ही शोधली पण ती आमच्या आवाक्यात नाही. म्हणजे ट्रायलबाहेर बाबांना केमोच. तेव्हा चिठ्ठीत वाईट पडलं तरी बाहेर मिळणार तेच मिळणार, आणि चांगलं पडलं तर जास्त. क्रॉसओव्हर आहे, केमोवर आजार वाढला आणि तब्येत तोवर बरी असली तर गोळी मिळेल. 'तब्येत बरी असली तर' यावर बाबांनी परत खूण केली.

नसांचा प्रश्न ऐकून डॉक्टर म्हणाल्या की बरोबर पकडलंत. बाबांचा त्रास ग्रेड १, म्हणजे सगळ्यात सौम्य, आहे, ट्रायलचे नियम तेवढ्याला परवानगी देतात, पण प्रत्येक सायकलआधी पायाची तपासणी करू आणि वाढला तर डोस कमी किंवा बंद. ईव्हीच्या बाबतीत त्यांना साखरेची भीती जास्त होती. हे त्यांनी कागदावर लिहून दिलं.

निकाल घरी कळवण्याचं रानजाईताई तुमच्यामुळे विचारलं. तिथल्या कोऑर्डिनेटरने वहीत भावाचा आणि माझा नंबर लिहून घेतला, वर 'निकाल कळवणे' असं लिहिलं, मी बघितलं.

शेवटी डॉक्टरांनी बाबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? बाबा म्हणाले, 'आयुष्यात मला लॉटरी कधी लागली नाही, त्यामुळे चिठ्ठीचं टेन्शन नाही. पण सही माझी मी करणार, मुलांनी सांगितलं म्हणून नाही.' आणि केली.

शेवंती
बाबांना माझा नमस्कार सांग.

आबा_कारभारी
विरोधात लिहिलं होतं मी. प्रश्न विचारून, उत्तर ऐकून मग सही केलीत, याला माझी ना नाही. बाबांना माझ्या वयाचा माणूस म्हणून शुभेच्छा.

सांजवात
शुक्रवारची तपासणी झाली. एक छोटी गाठ निघाली, वरच्यावर आहे, भिंतीत शिरलेली नाही म्हणतात, खरवडून काढतील आणि मग मूत्राशयात बीसीजी (टीबीच्या लसीतलंच औषध) सोडतील. निळाई, तुला काय म्हणू कळत नाही.

निळाई
सांजवात, काही म्हणू नका. बाबांना सांगितलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन आठवडे लपवल्याचं त्यांना अजून खातं आतून.

आमचा फोन काल आला. केमोची बाजू.

रानजाई
निळाई, जेवले का ते?

निळाई
जेवले ताई. मी नाही जेवले. ते म्हणाले, 'म्हणजे मी त्या विरुद्धवाल्यांतला.' धाग्यातलं तेवढंच वाक्य त्यांनी लक्षात ठेवलंय. पहिली सायकल सोमवारी.

प्रयोगवही
सोमवारी आठवण काढेन. ताई, एक करा, रोजची वही ठेवा. ताप, जुलाब, मुंग्या कुठपर्यंत आल्या, सगळं तारखेसह. ताप ३८ सेल्सियसच्या (१००.४ फॅरेनहाइट) वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच फोन.

जुन्या फाइल्स काढल्या. सतरा घरं निघाली. नऊ फोन झालेत.

निळाई
नऊ आठवडे झाले. स्कॅनमध्ये ठिपके आहेत तेवढेच, नवीन काही नाही. याला स्टेबल म्हणतात. मुंग्या घोट्याखालीच आहेत, तिसऱ्या सायकलला डोस थोडा कमी केला. क्रॉसओव्हर हातात शिल्लक आहे, त्याला हात लावायची वेळ जितकी लांबेल तितकं बरं. वही बाबाच लिहितात, पेन्सिलीने.

नवखा_७
धागा पूर्ण वाचला. आमच्या काकांची बायॉप्सी दोन वर्षांपूर्वीची आहे. एफजीएफआर३ साठी परत तुकडा काढावा लागेल का? त्यांना ते नकोय.

उंबरठा
बहुतेक वेळा नाही. लॅबने गाठीचा मेणातला ब्लॉक ठेवलेला असतो, त्यावरच टेस्ट होते, आधी तिथे फोन करून ब्लॉक आहे का आणि त्यात पुरेशी गाठ शिल्लक आहे का विचारा. रक्तातूनही करता येते, पण रक्तात नाही सापडलं म्हणजे नाहीच असं धरू नका, मग ब्लॉकवर करून घ्या. आणि ब्लॉक मिळाला की तो कुरिअरने कोण, कुठे पाठवतंय त्याची पोच जपून ठेवा.